कंबर दुखते की पाय? फुगलेल्या गादीवरच्या उपचारांबद्दल

मावसभावाचा फोन रात्री साडेदहाला आला तेव्हाच शंका आली. तासगावकडचा द्राक्षबागवाला माणूस, पहाटे साडेचारला उठणारा. इतक्या उशिरा तो जागा असतो तो फक्त गारपिटीच्या भीतीने. "दादा, एमआरआयचा रिपोर्ट टाकलाय बघ. गादी सरकलीय म्हणत्यात. एक जण म्हणतोय ऑपरेशन, एक म्हणतोय इंजेक्शन, आणि आई म्हणती पायाळू माणसाकडनं एकदा कंबरेवर पाय लावून घे."

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय कागदपत्रांचं मराठी करणं हा माझा धंदा, आणि माझ्या स्वतःच्या कंबरेतली एक गादी बारा वर्षांपासून फुगलेली आहे. एवढ्या भांडवलावर नात्यातले सगळे आपापले रिपोर्ट मला पाठवतात. त्याचं दुखणं आठ महिन्यांचं होतं. मी त्याला उलट विचारलं, कंबर जास्त दुखते की पाय? तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "असं कुणी इचारलंच नाही."

विचारायला हवं होतं. कारण गोळी, इंजेक्शन, ऑपरेशन यांतलं काय उपयोगी पडेल हे फोटोतल्या फुगवट्यापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर जास्त ठरतं.

आधी गादी म्हणजे काय ते बघू. पाठीच्या कण्यात मणके एकावर एक रचलेले असतात आणि मधे चकत्या, म्हणजेच गाद्या, एकूण २३. प्रत्येक चकतीचा बाहेरचा भाग म्हणजे चिवट तंतूंची कडी, एकात एक बसवलेली. आतला गाभा मऊ, बराचसा पाण्याचा. दिवसभर उभं राहून, बसून त्यातलं पाणी थोडं पिळून निघतं, रात्री आडवं झाल्यावर परत शोषलं जातं. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. मोठ्या माणसाच्या चकतीत आतपर्यंत रक्तवाहिन्या जात नाहीत, पोषण शेजारच्या हाडातून झिरपत येतं. त्यामुळे तिची डागडुजी सावकाश होते आणि वय वाढेल तशी ती वाळत, बसत जाते.

"गादी सरकली" हा शब्दप्रयोग निम्म्या भीतीचं मूळ आहे. गादी सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. "मणक्यात गॅप आला" हे तर अगदीच उलटं, कारण जागा कमी झालेली असते. बल्ज म्हणजे हवा कमी झालेल्या टायरवर वजन पडल्यावर तो बाजूंनी बाहेर येतो तसं काहीसं. कडी शाबूत असतात, फक्त घेर वाढतो. हर्निएशन किंवा प्रोलॅप्स वेगळं. तिथे तळताना करंजीची कड उकलून सारण बाहेर यावं तसा आतला गाभा चिरेतून बाहेर येतो. भावाच्या रिपोर्टात लिहिलं होतं: एल-४ एल-५ पातळीवर डिफ्यूज डिस्क बल्ज, थीकल सॅकला इंडेंटेशन. म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सगळीकडून थोडी फुगलीय आणि मज्जातंतूंच्या पिशवीला जराशी टेकलीय. वाचताना इमारत खचल्यासारखं वाटतं, पण तसं काही त्यात लिहिलेलं नाही.

१९९४ साली अमेरिकेत एक साधा पण डोळे उघडणारा अभ्यास झाला. पाठदुखी अजिबात नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका गादीत बल्ज सापडला. कशाचीही तक्रार नसताना! पुढे २०१५ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांत बल्ज ३० टक्क्यांच्या आसपास आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के. एका अर्थाने बल्ज म्हणजे पाठीचे पिकलेले केस. तो दिसला म्हणून दुखण्याचा गुन्हेगार सापडला असं होत नाही. तो निर्दोष आहे असंही होत नाही, हीच पंचाईत आहे.

दुखणं मग येतं कुठून? कधी चकतीच्या बाहेरच्या कडीतून, कारण तिथे वेदना ओळखणारे तंतू असतात. ते दुखणं कंबरेत, फार तर ढुंगणापर्यंत राहतं. खोल, बोथट, बराच वेळ बसल्यावर वाढणारं. कधी बाजूने जाणाऱ्या नशीच्या मुळातून. नस नुसती दाबल्याने नेहमी ओरडत नाही. बाहेर आलेल्या गाभ्यातल्या रसायनांनी तिला सूज येते आणि मग ती पेटते. ते दुखणं गुडघ्याखाली उतरतं, करंट लागल्यासारखं. त्यालाच सायटिका म्हणतात, आणि आयुर्वेदात त्याचं नाव गृध्रसी. गिधाडासारखी चाल होते म्हणून. ज्याने हे नाव ठेवलं त्याने रोगी चालताना नीट पाहिला असणार.

चांगला डॉक्टर हे टेबलावर पाच मिनिटांत तपासतो. माझी तपासणी मला अजून आठवते. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली, बूट काढायला लावले, आधी चवड्यांवर चालवलं, मग टाचांवर. मग पाठीवर झोपवून टाचेखाली तळहात घालून पाय गुडघ्यात न वाकवता सावकाश उचलला. साधारण ४५ अंशांवर पोटरीपर्यंत कळ गेली आणि मी टेबलाची कड धरली. "हं," एवढंच ते म्हणाले. मग पायाचा अंगठा त्यांच्या बोटाविरुद्ध वर ओढायला सांगितला. अंगठा वर ओढायची ताकद कमी असेल तर पाचवी कंबरेची नस, चवड्यावर उभं राहता येत नसेल तर तिच्या खालची. फिल्ममध्ये दिसणारी गादी आणि पायात सापडणारी नस जुळली, तरच त्या गादीवर बोट ठेवायचं. एल-४ एल-५ ची गादी बहुतेक वेळा पाचव्या नशीला त्रास देते. दुखतंय मात्र मांडीच्या पुढच्या बाजूला, आणि फोटोत फुगलीय सगळ्यात खालची गादी, तर हिशेब जुळत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर होणं, दोन्ही पायांची ताकद झपाट्याने जाणं, यांतलं काहीही झालं तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जायचं. तिथे तासांचा हिशेब असतो. पाऊल लुळं पडून चप्पल निसटायला लागली तरी थांबायचं नाही. ताप, कॅन्सरचा इतिहास, कारण नसताना उतरलेलं वजन किंवा पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं असेल तर शोध वेगळ्या दिशेने करावा लागतो.

भावाला यांतलं काही नव्हतं. कंबर दहातली सहा, पाय दोन, तोही गुडघ्याच्या वर. हे ऐकल्यावर अर्धी यादी आपोआप कटते.

आता पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने उसण भरलेल्या कंबरेवर पाय लावला की उसण जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. मावशीचा त्यावर विश्वास आहे आणि तिला अनुभवही आहे, कारण उसण खरोखरच जाते. ती चार-आठ दिवसांत तशीही जाणारच असते. श्रेय मात्र शेवटी ज्याने पाय लावला त्याला मिळतं. हसण्यासारखं आहे, पण पाठीच्या कितीतरी महागड्या उपचारांचंही असंच असतं. सायटिकासुद्धा बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते. त्यात एक मजा अशी की गाभा जितका जास्त बाहेर फुटून आलेला, तितका तो शरीराकडून जिरवला जाण्याची शक्यता जास्त. २०१५ च्या एका आढाव्यात पूर्ण सुटलेले तुकडे ९६ टक्के लोकांत आपोआप आकसले, नुसते बल्ज मात्र फक्त १३ टक्क्यांत. शरीर बाहेर पडलेल्या तुकड्याला परका समजून खाऊन टाकतं. फुगलेली कड त्याला आपलीच वाटते. म्हणून "बल्ज गेला का" हे बघायला दर सहा महिन्यांनी एमआरआय काढण्यात अर्थ नाही. माझा गेलेला नाही, दुखणं गेलंय.

तीन महिन्यांच्या पुढे दुखत राहिलं की त्याला जुनाट म्हणतात, आणि भावासारखे लोक इथे अडकतात. पहिला सल्ला बहुतेकांना मिळतो तो झोपून राहण्याचा. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये पाठदुखीवाल्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस झोपवलं, एकाला पाठीचे व्यायाम दिले, एकाला सांगितलं जमेल तशी रोजची कामं करा. कामं करणारे सगळ्यात लवकर सुधारले. ते ताजं दुखणं होतं. जुन्या दुखण्यात तर लोळण्याने स्नायू आणखी मऊ पडतात. आपल्याकडे तरीही "फळीवर झोप, वाकू नकोस, वजन उचलू नकोस" हे आयुष्यभराचं फर्मान म्हणून दिलं जातं आणि चाळिशीचा माणूस खाली पडलेली पेन्सिल बघून घाबरायला लागतो.

फिजिओथेरपी म्हटलं की तालुक्याच्या ठिकाणी डोळ्यांसमोर येतं ते मशीन. शेक, करंट, कंबरेला पट्टा बांधून ट्रॅक्शन, दहा सिटिंगचं पॅकेज. शेकाने बरं वाटतं, नाही असं नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ट्रॅक्शन आणि कंबरेचे पट्टे नेहमीचा उपचार म्हणून वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय. करा असं काय म्हटलंय? व्यायाम, दुखणं नीट समजावून सांगणं, मानसिक आधाराच्या काही पद्धती, गरजेपुरत्या सुजेवरच्या गोळ्या. ही तत्त्वं ज्यात ठरावीक कारण सापडत नाही अशा कंबरदुखीसाठी आहेत. पण नशीचा त्रास नसलेला बल्ज व्यवहारात तिथेच जाऊन बसतो.

व्यायाम कोणता, यावर फिजिओथेरपिस्टांत भजनी मंडळांसारखे पंथ आहेत. त्यांतल्या एकाची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. १९५६, न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन. रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टने कंबर आणि पाय दुखणाऱ्या एका पेशंटला टेबलावर पालथं पडून राहायला सांगितलं आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. टेबलाचा डोक्याकडचा भाग आधीच्या कुणासाठी तरी उचललेला राहिला होता. पेशंट बिचारा पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत तसाच पालथा पडून राहिला, जी अवस्था त्या काळात धोक्याची मानत. मॅकेन्झी परत आले आणि हादरले. पेशंट म्हणाला, पायातलं दुखणं गेलं! यातून एक उपयोगी खूण मिळाली. एखाद्या हालचालीने दुखणं पायातून वर सरकत कंबरेच्या मध्याकडे येत असेल, तर कंबरेत ते थोडं वाढलं तरी हालचाल बरोबर आहे. खाली पोटरीकडे उतरत असेल तर थांबायचं. ही खूण कळली की व्हिडिओ बघून आंधळेपणाने भुजंगासन करण्याची गरज राहत नाही. एरवी पोहणं, योगासनं, पोटा-पाठीच्या ताकदीचे व्यायाम यांतला कुणी एक दुसऱ्यावर ठळकपणे मात करतो असं अजून दिसलेलं नाही. जो तुम्ही तीन महिने टिकवाल तो घ्या. पहिले दोन-तीन आठवडे दुखणं जरा वाढतं, तेव्हाच बहुतेक जण सोडतात.

गोळ्यांबद्दल थोडं कडक बोलतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या सुजेवरच्या गोळ्या काही दिवस मदत करतात. वर्षानुवर्षं चघळल्या तर जठर आणि किडनी त्याची किंमत मोजतात. उन्हात घाम गाळत, पाणी कमी पीत रोज एक गोळी घेणाऱ्या शेतकऱ्याच्या किडनीवर हा मार जास्त पडतो. भावाच्या खिशात अशी पाकिटं होती, मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली. नशीसाठी म्हणून प्रीगाबालिन आपल्याकडे सर्रास लिहितात, बहुतेक वेळा बी-१२ च्या जोडीने. ऑस्ट्रेलियात २०९ सायटिकावाल्यांवर तिची चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आला. औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा काही फायदा नाही, चक्कर मात्र जास्त. ड्युलोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध जुनाट कंबरदुखीत काहींना थोडा आराम देतं. नैराश्यावरचं आहे म्हणून दचकायला नको, ते वेदनेच्या संदेशवहनावरही काम करतं. प्रीगाबालिन असो की ड्युलोक्सेटिन, बरेच आठवडे चालू असेल तर एकदम बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची. ट्रामाडॉलसारखी अफूच्या गोत्रातली औषधं शेवटच्या फळीची, थोड्या दिवसांची. आणि कुणा वैदूच्या "तीन दिवसांत फरक" पुड्या असतील तर त्यांत छुपं स्टिरॉइड असण्याची शक्यता धरूनच चला. फरक म्हणूनच पडतो. आयुर्वेदातल्या कटीबस्तीत कोमट तेलाने कंबर सैल पडते, मला स्वतःला आवडते. तेवढ्याने गादी आत जाईल ही अपेक्षा ठेवायची नाही.

मणक्यातलं इंजेक्शन म्हणजे एक्स-रेवर बघत सुजलेल्या नशीच्या शेजारी स्टिरॉइड सोडणं. ते पायाच्या दुखण्यासाठी आहे. आराम मिळाला तर तो काही आठवड्यांचा, कधी दोन-तीन महिन्यांचा, आणि सरासरीने बेताचाच. तेवढ्या उसंतीत व्यायाम सुरू करता येत असेल तर तो पूल म्हणून कामाचा आहे. मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढते. क्वचित, पण गंभीर मज्जातंतूंच्या इजा झाल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला होता. नुसत्या कंबरेसाठी कुणी हे सुचवत असेल तर "यातून मला नक्की काय मिळेल" असं विचारावं. भावाला सुचवलं होतं ते हेच.

एके काळी तर गादीतच इंजेक्शन देऊन ती विरघळवत. औषध कुठलं? पपईच्या चिकातलं, मटण मऊ करायला आपण पपई घालतो त्याच तत्त्वावर. १९६०च्या दशकापासून वापर, १९८२ मध्ये अमेरिकेत मंजुरी, आणि जीवघेण्या ॲलर्जीच्या व इतर तक्रारींनंतर २००३ पर्यंत बाजारातून गायब. "नवीन तंत्र, बिनटाक्याचं, एका दिवसात घरी" अशी जाहिरात वाचली की मला पपई आठवते.

ऑपरेशनचा विषय मात्र "करू की नको" इतका सोपा नाही, आणि "मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस अपंग होतो" हेही खरं नाही. मायक्रोडिसेक्टोमीत दोन-तीन सेंटिमीटरची चीर घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली नस अलगद बाजूला सारून तिला टोचणारा तुकडा काढतात. सगळी गादी काढत नाहीत. पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालतो. हे ऑपरेशन पाय सोडवण्यासाठी आहे.

कधी करायचं, यावर दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. नेदरलँड्समध्ये ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांत अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं, अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाले लवकर सुटले, पण वर्षाअखेर दोन्हीकडे ९५ टक्के बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र मधेच ऑपरेशन करून घ्यावंच लागलं. हे २००७ मधलं. मग २०२० मध्ये कॅनडातून दुसरा आला. त्यांनी सायटिका चार ते बारा महिने जुनी झालेले लोकच घेतले. सहा महिन्यांनी पायाचं दुखणं दहापैकी ऑपरेशनवाल्यांत २.८ आणि बाकीच्यांत ५.२. म्हणजे सुरुवातीला थांबण्यात बहुधा तोटा नाही, पण पाय सहा-आठ महिने पेटलेलाच असेल, हिशेब जुळत असेल, तर "अजून थोडं बघू" म्हणत राहणं हीसुद्धा चूक असू शकते. नंतर साधारण ५ ते १५ टक्के लोकांत तीच गादी परत त्रास देते, हेही आधीच ऐकून घ्यावं.

नुसत्या कंबरेसाठी स्क्रू-सळया घालून दोन मणके जोडणं, म्हणजे फ्यूजन, ही वेगळी गोष्ट. मणका खरोखर सरकलेला असेल, अस्थिर असेल तर त्याची जागा आहे. साध्या जुनाट कंबरदुखीत ब्रिटनमध्ये ३४९ जणांवर त्याची तुलना कसून घेतलेल्या व्यायाम-प्रशिक्षणाशी झाली. फरक इतका किरकोळ निघाला की धोका आणि खर्च बघता ऑपरेशनच्या बाजूने ठाम काही म्हणता आलं नाही. इथे दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावं, आणि ते घेतल्याबद्दल पहिले रागावले तर तेही एक उत्तरच.

दुखण्याचं एक कारण असंही आहे की जे कापून काढता येत नाही. एकदा चोर येऊन गेला की बागेवरचं कुत्रं पुढे कित्येक दिवस पाचोळा वाजला तरी भुंकतं. मज्जासंस्थेचं तसंच होतं. महिनोन्महिने दुखल्यावर तिचा उंबरठा खाली येतो आणि साधी हालचालही धोक्याची वाटायला लागते. झोप उडालेली असेल, कर्जाचा घोर असेल तर आणखी. "मनाचं आहे" असं म्हणून हे उडवून लावण्यासारखं नाही. दुखणं खरंच असतं, फक्त इजेच्या मानाने फार मोठं. ज्या हालचालीची भीती बसलीय ती थोड्या मापाने रोज करणं, हा यावरचा उपाय. शब्दांत दोन ओळींचा आहे, करायला कठीण. मला बूट बसून न घालता उभ्याने वाकून घालायला चार महिने लागले.

भावाला मी जे सांगितलं ते त्याच्या डॉक्टरांनीही नंतर तपासून मान्य केलं: ऑपरेशन नाही, इंजेक्शनही नाही, गोळ्या बंद, बारा आठवडे व्यायाम आणि रोज चालणं. चालण्यावर तो वैतागला. "दिवसभर बागेत काय करतो मग मी?" ओळीओळीत वाकून थांबणं वेगळं आणि हात मोकळे सोडून अर्धा तास सलग चालणं वेगळं. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांवर झालेल्या अभ्यासात, २०२४ चा आहे, हळूहळू वाढवत नेलेलं चालणं आणि थोडं मार्गदर्शन एवढ्यावर निम्म्या लोकांचं दुखणं परत यायला ११२ दिवस लागायचे ते २०८ झाले. तो अभ्यास बल्जवाल्यांसाठी खास नव्हता, पण चालायला पैसे लागत नाहीत.

एप्रिलच्या खरड छाटणीत त्याचा फोन आला. दुखतं का विचारलं. "दुखतंय की. दहात दोन. संध्याकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं जाऊन येतो." आणि तो पट्टा? बाराशे रुपयांचा, पाठीत पत्र्याच्या पट्ट्या असलेला? "ट्रॅक्टरच्या सीटला बांधलाय, फाटली होती."